पांढरं जळू द्यायचं नाही

परसातल्या हौदावर भर उन्हात बगळा उतरला की बाबा कॅमेरा घेऊन पालथे पडायचे आणि आधी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, कमी करायचे. "पांढरं एकदा जळलं की गेलं. काळं काळंच राहू दे, त्यातून काढता येतं," हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. त्यामुळे फोटोत बगळ्याचं पीस न् पीस मोजून घ्यावं, आणि मागचं स्वयंपाकघराचं दार मात्र काळंकुट्ट. आईबद्दल त्यांच्या तक्रारी दोनच: फोटोला उभी राहत नाही आणि चहा गार आणून देते.

आई गेल्यावर भिंतीवर लावायला तिचा एकही धड फोटो सापडेना.

"मी काढलाच नाही तिचा," बाबा म्हणाले.

त्यांचंच ते 'काळ्यातून काढता येतं' आठवून मी कॉम्प्युटरवर बगळ्याचा एक फोटो उघडला आणि नुसतं दार उजळत नेलं. आत आई उभी होती. हातात कप, पक्षी उडू नये म्हणून उंबऱ्याच्या आतच थांबलेली. दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. दर वेळी तीच, तसाच कप धरून.

बाबांनी सगळे फोटो पाहिले.

"तरीच गार व्हायचा," ते म्हणाले.