पीळ

शालूनं सकाळी दार उघडलं, तर गाडीच्या कापडी कव्हरावर अक्षरं. जळक्या ऑईलात फडकं बुडवून कुणीतरी लिहिलं होतं: मेंढरं हाक. गाडी तुझं काम नाय.

तिनं दुसऱ्यांदा वाचलं नाही. दोऱ्या सोडल्या, कव्हर पुढून मागं गुंडाळत नेलं आणि सगळा बोजा ओढत नळापाशी आणला. सहाव्या दिवशी पाणी आलं होतं. पिण्याचं भरून झालं होतं, उरलेल्यात घरचे कपडे धुवायचे होते. कपड्यांची बादली तिनं पायानं बाजूला सारली.

अक्षर ओळखीचं होतं. समोरच्या राजकुमारनं आपल्या जीपच्या काचेवर ‘मुकुंदवाडी ते शेंद्रा’ असं स्वतःच्या हातानं रंगवलेलं होतं. त्यातला ‘क’ असाच लंगडा होता. गेल्या महिन्यापासून शेंद्र्याच्या कंपनीतल्या सहा बाया त्याची जीप सोडून दुसऱ्या पाळीला शालूच्या व्हॅनमधून जात होत्या.

सासू बानाबाई बाहेर आली.

“हे कशाला काढलंस आज?”

“घाण झालंय, आत्याबाई.”

बानाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वाकून पाहिलं. “काय लिवलंय?”

“काय नाय. पोरांनी रेघोट्या वढल्यात.”

शालूनं साबण लावला, ब्रश घेतला. ऑईल निघायच्या ऐवजी पसरलं. अक्षरं आणखी जाड झाली. तेवढ्यात फोन वाजला. प्रेरणा होती, रोजच्या बायांपैकी.

“ताई, आज तुमची गाडी यायची नाय, असं राजकुमारदादा सांगत होते. खरं का?”

“दोन वाजता चौकात उभी राहा,” शालू म्हणाली आणि ओल्या हातानं फोन चौकटीवर ठेवला.

“आधी पाणी नको घालू,” बानाबाई म्हणाली. “असं ते मुरतं आत.” ती मागं जाऊन आंघोळीच्या पाण्याच्या चुलीतली राख टोपलीभर घेऊन आली. “लोकरीला वंगण लागलं की आम्ही असंच काढायचो.”

दोघी फरशीवर बसल्या. बानाबाई तळहातानं राख दाबायची, राख काळी व्हायची, ती झटकून पुन्हा नवी घालायची. मग शालूनं साबण लावून घासलं. एकेक अक्षर फिकं होत गेलं. ‘हाक’ तेवढं जाईना. शालूच्या बोटांची सालटी निघाली.

“सोड आता. कापड फाटंल.”

“फाटू द्या.”

बानाबाईनं तिच्या हातातला ब्रश धरला. “रेघोट्यांसाठी कुणी एवढं घासत नाय, शालू. काय लिवलंय?”

शालूनं सांगितलं.

म्हातारीनं हाताची राख टोपलीत झटकली. “चाळीस वरसं हाकली मी मेंढरं,” ती म्हणाली. “त्यात शिवी कंची?”

“मेंढरांची शिवी नाय, आत्याबाई. मी गाडी सोडावी, म्हणून लिवलंय. मी सोडनार नाय.”

“कुणी लिवलं?”

शालूची नजर समोर गेली. राजकुमार जीपची काच पुसत होता. किती वेळ पुसत होता कुणास ठाऊक.

बानाबाईनं ब्रश परत दिला. “घास मग.”

नळ जायच्या आत ‘हाक’ गेलं. शालूनं बादल्यांवर बादल्या ओतून कव्हर खळबळून काढलं. आता ते पिळायचं होतं, आणि पाणी प्यालेलं ते कापड दोघींना उचलेना. एक टोक वर घेतलं की दुसरं पुन्हा फरशीवर पडायचं. बानाबाईचा खांदा तर वर्षभर दुखतच होता.

ती उठून फाटकापाशी गेली.

“राजकुमार, ये रं हिकडं. जरा हात लाव.”

शालू काही म्हणायच्या आत त्यानं फडकं बॉनेटवर टाकलं होतं. तो आला. बानाबाईनं कव्हराचं टोक त्याच्या हातात दिलं.

“आमच्यानं व्हत नाय. तू तिकडून पिळ, ती हिकडून पिळंल.”

दोघं समोरासमोर उभी राहिली. त्यानं एका बाजूला पीळ घातला, तिनं उलट्या बाजूला. पाणी राखेचा रंग घेऊन त्याच्या चपलांवर पडलं. पीळ चढेल तसं कापड आखडत गेलं आणि दोघांमधलं अंतर कमी होत गेलं. दहा पावलांवरचा राजकुमार चार पावलांवर आला. मग दोन. शालू त्याच्याकडं बघत होती. तो कापडाकडं.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “हे कुणी...” त्याचे हात सैल पडले.

“पीळ सोडू नका, भाऊजी,” शालू म्हणाली.

त्यानं सोडला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळलं. मग दोघांनी कव्हर झटकून कंपाउंडच्या भिंतीवर पसरलं, कडा ओढून सरळ केल्या, वर विटा ठेवल्या. राजकुमार परत गेला. त्याची जीप दुपारपर्यंत जागची हलली नाही.

दीड वाजेपर्यंत चैताच्या उन्हानं कव्हर कडकडीत झालं. शालूनं हातपाय धुतले, सोललेल्या बोटांना खोबरेल लावलं आणि किल्ली घेतली. व्हॅन सुरू करून ती आरशात बघते तोच पलीकडचं दार उघडलं. गाडी घरी आल्यापासून बानाबाई एकदाही तिच्यात बसली नव्हती. आज ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर नीट घेऊन आली होती. आधी डावा पाय आत ठेवला, मग बसली, मग दार ओढून घेतलं. दार नीट लागलं नाही. पुन्हा ओढलं.

“आत्याबाई, कुठं?”

“शेंद्र्यापतोर,” बानाबाई समोर बघत म्हणाली. “हाक.”