तळघराची खिडकी

शेजारच्या घरात चोर तळघराची खिडकी उचकटून शिरला, तेव्हापासून गुलाबरावांच्या जिवाला घोर लागला. जवाहर नगरातलं त्यांचं घर तसं तात्पुरतंच घेतलेलं, पण तळघरात सात लाकडी पेट्या होत्या. पंच्याण्णव साली रेल्वेतून रिटायर झाल्याबरोबर त्यांनी त्या स्वतःच्या हातांनी बांधल्या होत्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात 'जयपूर ते मिरज' असं लिहिलं होतं. एवढी दिवाळी झाली की निघायचंच, असं ते अकरा वर्षं दर दिवाळीला म्हणत आले. त्यांच्या बायकोचं, इंदुमतीबाईंचं, पुरणयंत्र त्यातल्याच एका पेटीत होतं. होळी आली की त्या बिचाऱ्या चाळणीवर पुरण घासत बसत.

तळघराला मजबूत खिडकी घ्यायला दोघं मालवीय नगरच्या दुकानात गेली. गुलाबरावांनी एकेक खिडकी ठोकून पाहिली, गज हलवून पाहिले, कड्या दहादहा वेळा लावल्या-काढल्या.

"अंकलजी, ये वाली दस साल चलेगी," दुकानदार म्हणाला, "और ये लोहे वाली पच्चीस साल. लिखके गारंटी दूँगा."

गुलाबराव एकोणसत्तर वर्षांचे होते.

"पच्चीस वाली दे दो," ते म्हणाले आणि बायकोकडे वळले, "सारखं सारखं कोण बदलत बसणार?"





खिडकी बसली त्याच दुपारी इंदुमतीबाई सुरी घेऊन तळघरात उतरल्या, तिसऱ्या पेटीची दोरी कापली आणि पुरणयंत्र वर स्वयंपाकघरात आणून ठेवलं.