फाटका स्पीकर

लेकीचं लग्न उद्यावर आलेलं. मानसिंग आणि अंजना घरचे दोन स्वस्तातले स्पीकर घेऊन रहिमतपुरात चांदसाहेबांच्या दुकानात आले. अंजनाचा भाऊ जोतिबा ते घरी ठेवून एकाहत्तरच्या लढाईवर गेला, तो परतलाच नाही.

"मानसिंगराव, ह्याच्या पडद्याचा कागद पार फाटलाय. नवा घ्या," म्हणत चांदसाहेबांनी त्या फाटक्या स्पीकरची वायर सोडवली आणि दुसऱ्याला माइक जोडला.

मानसिंग मजेत ओरडला, "नवरीच्या मामानं नवरीला मांडवात आणावं!"

फाटक्या स्पीकरमधून हसरा आवाज आला, "आलो गं आक्का, आलो!"

अंजनानं टाळ्याच पिटल्या. "नवा न्हाई, ह्योच दुरुस्त करा!"

चांदसाहेबांनी मागची फळी काढली. आतून मूठभर अक्षता सांडल्या. हळद अजून ओली होती.