आखूड स्टिक

नव्या गोल्फ स्टिक आल्यापासून मृण्मयीचा चेंडू उजवीकडेच जाऊ लागला होता. तिला गोल्फ शिकवणाऱ्या सबनीस सरांनी त्या खास तिच्या मापाने करवून घेतल्या होत्या. “हात बसू दे, स्विंग आपोआप सारखा येईल,” सर म्हणत. पण राज्य स्पर्धेत सरांची मुलगी केतकीही खेळणार होती, आणि ते काही मृण्मयीच्या डोक्यातून जाईना.

कुणाला न सांगता ती खेळाडूच्या मापाने स्टिक बनवणाऱ्या दुसऱ्या एका फिटरकडे गेली. त्याने तिचा स्विंग पुन्हा पुन्हा पाहिला, स्टिक मोजली आणि म्हणाला, “स्विंग चांगला आहे. स्टिकच तुमच्या उंचीला आखूड पडतेय.”

ती तडक मैदानावर आली. “सर, मला हरवायचंच होतं, तर शिकवलंत कशाला?” तिने सगळ्यांसमोर विचारलं.

सरांना काही कळेना. त्यांनी तिची स्टिक घेतली, शेजारी सराव करणाऱ्या केतकीची घेतली आणि दोन्ही जोडून धरल्या. केतकी उंचीने कमी, तरी तिचीच लांब होती. दोघींच्या स्टिक एकदमच आल्या होत्या, आणि देताना सरांच्याच हातून अदलाबदल झाली होती.

“अगं, मग तुझाही चेंडू भरकटत असणार. बोलली का नाहीस?” त्यांनी मुलीला विचारलं.

केतकीने मान वर केली नाही. “मला वाटलं बाबा, तुम्हाला हीच जिंकायला हवी आहे.”

मृण्मयीने आपली स्टिकची बॅग केतकीसमोर नेऊन ठेवली. सर दोन्ही स्टिक हातात धरून तसेच उभे राहिले.