ढिगात गेलेली लोकर

लोकर कातरण्यापासून रंगवण्यापर्यंतचं काम सारी वस्ती मिळून करी. पण म्हाताऱ्या मेंढपाळाने एका मेंढीची लोकर रंगारणीच्या हातात वेगळी दिली होती. "बायकोमागे तीच सोबत होती. आता तीही गेली. ढिगात मिसळू नकोस, पोरी." पिंजताना घाई झाली आणि नेमकी तीच ढिगात गेली. आज तो आला, तेव्हा तिने दोरीवरची, कांद्याच्या सालींनी पिवळीधमक झालेली कुठलीशी लडी काढून दिली. त्याने ती गालाला लावली. "हीच! हात लावताच कळलं." मग निम्मं सूत तोडून त्याने तिच्यापुढे धरलं. "तुझ्या होणाऱ्या बाळाला टोपडं विण." तिला राहवेना. "मामा, ही तिची नाही. माझ्याकडून ती मिसळली." म्हातारा रागावला नाही. वळला आणि अंगणभर वाळणाऱ्या लड्या एकेक करून चाचपू लागला. "यातच असेल कुठेतरी."