बार्कर साहेबांचं आडनाव

शाल पांघरून झाली, नारळ हातात आला, आणि त्या नारळाचं आता करायचं काय, ते बार्कर साहेबांना कळेना. दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या विजयकुमार वडगावकरच्या हॉलमध्ये सगळे हसले. साहेबही हसले. मंदीत दोघांच्या ऑफिसातले निम्मे लोक गेले होते, शेवटी साहेबांचीही नोकरी गेली होती आणि शुक्रवारी ते कायमचे इंग्लंडला चालले होते. अशा माणसाला नुसता केक कापून कसं पाठवायचं, म्हणून विजयकुमारच्या बायकोने, छायाने, घरी जेवायला बोलावून हा साग्रसंगीत निरोप ठरवला होता. पुरणपोळीसकट.

जेवता जेवता त्यांची मुलगी अवनी उठली. "नाऊ माय गिफ्ट!"

मॉलमध्ये आडनावांचे इतिहास फ्रेम करून विकणारा एक स्टॉल होता. तिथून अवनीने साहेबांच्या आडनावाची फ्रेम आणली होती. वर ढाल होती, ढालीवर सिंह होता. सिंह बघून घरातल्या कुणी खालचा मजकूर वाचलाच नाही. गोऱ्या साहेबाचं घराणं थोरच असणार, त्यात वाचून बघायचं काय?

अवनीने मोठ्याने वाचायला घेतलं. बार्क म्हणजे झाडाची साल. ओकची साल टाकलेल्या पाण्यात जनावरांची कातडी भिजत घालून जो कमावतो, तो बार्कर.

वडगावकर हे आडनाव विजयकुमारने लग्नाआधी बदलून घेतलेलं. आधीचं ऐकलं की लोक पुढे केलेला पाण्याचा पेला मागे घ्यायचे. त्याच्या वडिलांनी जन्मभर कातडी कमावली, हे दुबईत फक्त छायाला माहीत होतं. आजोबांचं दुकान होतं, असं अवनीला सांगितलेलं.

साहेब मात्र एकदम खुलले. म्हणाले, हो, खरंच आहे, माझे आजोबा आमच्यातले शेवटचे. त्यांच्या हातांना कायम वास यायचा, रविवारी चर्चला जातानासुद्धा. आम्ही भावंडं नाक धरायचो आणि तरी त्यांच्याच मांडीवर बसायला भांडायचो.

समोर सुचित्रा बसली होती. ऑफिसात अकाउंट्स तिच्याकडे आणि इथल्या मराठी मंडळाचा गणपतीही तिच्याकडेच. तिच्याशिवाय आरती सुरू व्हायची नाही. ती छायाकडे झुकली आणि खुशाल मराठीत म्हणाली, "अगं बाई! कातडी कमावणारे? आणि आम्ही इतकी वर्षं यांच्या टेबलावर लंच करतोय! आपल्याकडे असते ना, तर दारात उभं केलं नसतं कुणी." आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसली.

पोळीवर तूप घालणारा छायाचा हात थांबला.

साहेबही हसले. त्यांना वाटलं, काहीतरी छान चाललंय. "व्हॉट डिड शी से, विजय?"

"नथिंग सर, जस्ट अ जोक," सुचित्राच घाईने म्हणाली.

अवनी हसली नव्हती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर तेवढं इंग्रजीत द्यायची. "बाबा, व्हाय वुडन्ट दे लेट हिम इन?"

अशा वेळी विजयकुमार हसायचा. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडलं होतं. आजही तो हसायला गेला, पण हसू येईना. त्याला भयंकर लाज वाटली, आणि ती बापाची नव्हती. हा परका माणूस शाल पांघरून चारचौघांत आजोबांच्या हातांचं कौतुक सांगत होता, आणि आपण आपल्या पोरीला आजोबा कसे होते तेही कधी सांगितलं नाही.

"सर," तो इंग्रजीत म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. "तुमच्याकडे ओकची साल. आमच्याकडे बाभळीची असायची. माझ्या वडिलांच्या हातांचाही वास कधी गेला नाही."

अवनी बापाकडे बघतच राहिली. साहेबांनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला, उठले आणि विजयकुमारचा हात दोन्ही हातांत घेतला.

सुचित्राच्या तोंडात घास होता. घास गिळावा की काय करावं, हे तिला सुचत नव्हतं.

छायाने शांतपणे तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तूप सोडलं.

"घ्या ना सुचित्राताई. दर वर्षी गणपतीपुढे तुम्ही ठेवता ना, ते मोदकसुद्धा माझ्याच हातचे असतात."