एक्केचाळीस घरं

“ही काय टेलिफोनची डिरेक्टरी आहे का?” डोत्सेने पुसण्यासाठी संगणकाच्या पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत निवडली.

दर शनिवारी सकाळी केटा शहराच्या वाचनालयात तो आणि सेनाम इंटरनेटवरचा त्यांच्या एवे भाषेतला ज्ञानकोश लिहायला बसत. पगार नाही, मानधन नाही. भांडायची मात्र पुरेपूर सोय. आजचं पान डेनुकोपेचं होतं, समुद्राने गिळलेल्या त्यांच्या गावाचं. यादीत एक्केचाळीस घरं होती, लाटांनी ज्या क्रमाने नेली त्याच क्रमाने. आपल्या म्हाताऱ्या आत्याच्या उशाशी बसून सेनामने ती उतरवून घेतली होती. आत्या आता सेनामलाही ओळखत नाही.

“दादा, ती शोभेला नाही लिहिलेली.”

“लेखात यादी चालत नाही. सलग वाक्य हवं. शैलीचे नियम मी नाही केले, बाई.”

हे खोटं होतं. अर्धे नियम त्याचेच होते, आणि उरलेले तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसून पाळवून घेई.

“अकरावं घर तुमचं आहे. बारावं आमचं.”

“माहीत आहे.”

त्याने यादी पुसली आणि लिहिलं, ‘गावात सुमारे चाळीस घरं होती.’

“सुमारे? मग एक गाळलंस ते कुणाचं, तेवढं सांग.”

डोत्सेने भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी तिच्याकडे सरकवली. तिने हात लावला नाही.

पुडी संपायच्या आत वाक्याला दुसऱ्या कुणा संपादकाची खूण चिकटली: ‘संदर्भ हवा.’ लावणारा कोण, कुठला, देव जाणे. सेनामला वाटलं, आता तरी हा भडकेल.

“लिही ना, आपण तिथे जन्मलोय म्हणून.”

“आपण पाहिलेलं चालत नाही.”

“आत्याने सांगितलेलं?”

“छापलेलं लागतं.”

मासे धरणाऱ्यांच्या त्या गावाबद्दल कुणी कधी काही छापलंच नव्हतं. डोत्सेने ते वाक्यही काढून टाकलं. लगेच पुडीतला पुढचा शेंगदाणा त्याने तोंडात टाकला, याचा सेनामला भयंकर राग आला. मग रागही उरला नाही.

पानावर एकच ओळ राहिली: ‘डेनुकोपे हे किनाऱ्यावरचं गाव होतं.’

“एवढं तरी राहील ना, दादा?”

“कोणी संदर्भ विचारेपर्यंत,” तो म्हणाला.